डिस्क खरोखर स्वतंत्र असतात का?

जून १९८८ मध्ये शिकागो येथे भरलेल्या ‘सिग्मॉड’ परिषदेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक छोटेखानी निबंध सादर केला. त्याचे नाव होते ‘अ केस फॉर रिडन्डन्ट अ‍ॅरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स’. एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांपैकी एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राहील इतकी जादा नोंद ठेवावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज ‘रेड’ हा शब्द मदरबोर्डच्या खोक्यावर छापलेला असतो. शाळेच्या कार्यालयात नवा संगणक बसवणारा तंत्रज्ञही ‘दोन डिस्कचा मिरर लावला आहे, आता काळजी नको’ असे सांगून जातो. निकालपत्रके, दाखल्यांची नोंद, वेतनपत्रके ही सगळी त्या वाक्याच्या भरवशावर असतात. म्हणून हा निबंध आज पुन्हा वाचावा असे आम्हाला वाटते, आणि तो निष्कर्षाकडून नव्हे तर गृहीतकाकडून वाचावा असेही वाटते.

निबंधातील मुख्य युक्ती शिक्षकांना नवी नाही. गुणपत्रिकेत सहा विषयांचे गुण आणि शेवटी एकूण बेरीज असते. शाई सांडून एका विषयाचा आकडा पुसला गेला, तर बेरजेतून उरलेले पाच वजा करून तो परत मिळवता येतो. दोन आकडे पुसले गेले तर मात्र बेरीज निरुपयोगी ठरते. रेडच्या बहुतेक पातळ्यांमध्ये हीच बेरीज, द्विमान पद्धतीने केलेली, वेगवेगळ्या प्रकारे साठवलेली असते. पहिल्या पातळीत तर बेरीजही नाही, तेथे सरळ दोन सारख्या प्रती असतात. निबंधाने अशा पाच पातळ्या मांडल्या. (ज्याला पुढे ‘रेड शून्य’ म्हणू लागले त्यात जादा नोंद मुळीच नसते. दोन डिस्कवर माहिती वाटून टाकायची, एक गेली की सगळे गेले. त्याला ‘रेड’ म्हणणे आम्हाला कधीच पटलेले नाही.)

आता आकडे पाहू. त्या काळच्या आयबीएम ३३८० या प्रचंड डिस्कचे आणि कॉनर पेरिफेरल्सच्या १०० मेगाबाइटच्या चिमुकल्या डिस्कचे बिघाडापर्यंतचे सरासरी आयुष्य सारखेच, ३०,००० तास, सांगितले जाई. पण १०० लहान डिस्क जोडल्या तर त्यांतील पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, बिघडणार. जादा नोंद नसेल तर ही व्यवस्था वापरण्याजोगी नाही, हे लेखकांनी स्वतःच दाखवले. मग त्यांनी दहा-दहा डिस्कचे गट केले, प्रत्येक गटाला तपासणीची एक डिस्क दिली आणि बिघडलेली डिस्क एका तासात बदलली जाईल असे धरले. आता माहिती जाण्यासाठी त्या एका तासात त्याच गटातील दुसरी डिस्क बिघडली पाहिजे. हिशेब केला तर सरासरी सुमारे ८,२०,००० तास येतात, म्हणजे नव्वद वर्षांहून अधिक.

३०० तासांवरून ८,२०,००० तासांवर झालेली ही उडी कोठून आली? सूत्रात डिस्कच्या आयुष्याचा वर्ग आहे, आणि वर्ग आला आहे दोन संभाव्यतांच्या गुणाकारातून. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आपण बजावून सांगतो की दोन घटनांच्या संभाव्यतांचा असा सरळ गुणाकार त्या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच करता येतो. निबंधाचे लेखक हे विसरले नव्हते. बिघाडाचा दर स्थिर आहे आणि बिघाड स्वतंत्र आहेत, ही दोन्ही गृहीतके त्यांनी उघडपणे लिहिली आहेत, आणि डिस्कचे उत्पादकही हीच गृहीतके वापरतात असेही नोंदवले आहे.

पुढे जे झाले ते थोडे गमतीचे आहे. मोठ्या डिस्कच नाहीशा होत गेल्या आणि ‘स्वस्त’ या विशेषणाला अर्थ उरला नाही. उद्योगाने ‘रेड’मधील ‘आय’ या अक्षराचा विस्तार बदलला. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’च्या जागी ‘इंडिपेंडंट’, म्हणजे ‘स्वतंत्र’, आले. जे निबंधात गृहीतक होते ते नावात जाऊन बसले, आणि नावातली गोष्ट सहसा कोणी तपासत नाही.

डिस्क स्वतंत्र नसण्याची साधी कारणे कोणीही सांगेल. एकच वीजपुरवठा, एकच उष्ण खोली, एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेला माल. आम्हाला ज्या कारणाकडे लक्ष वेधायचे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक डिस्कच्या पोटात एक लहानसा संगणक असतो आणि त्याची स्वतःची आज्ञावली असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. यंत्राचे सुटे भाग झिजतात तेव्हा प्रत्येक भाग आपापल्या गतीने झिजतो. आज्ञावली झिजत नाही. तिच्यात चूक असेल तर ती प्रत्येक प्रतीत अक्षरशः तीच असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नोव्हेंबर २०१९ मधले आहे. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीने आपल्या काही सर्व्हरमधील सॉलिड स्टेट डिस्कबाबत एक सूचना काढली. फर्मवेअरची जुनी आवृत्ती असलेल्या या डिस्क ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील, आणि त्यानंतर डिस्कही परत मिळणार नाही व माहितीही नाही, असे तीत म्हटले होते. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहावा आणि तो काय आहे असे विचारावे. एखादा विद्यार्थी नक्की सांगेल की तो २ चा १५ वा घात आहे. सोळा द्विमान अंकांच्या जागेत ऋण-धन चिन्हासह मोजणी ठेवली तर ३२,७६७ पर्यंतच मोजता येते, पुढच्या पायरीला आकडा ऋण होतो. चूक कोठे असावी याचा अंदाज एवढ्यावरून बांधता येतो. मार्च २०२० मध्ये त्याच कंपनीने दुसऱ्या काही डिस्कबाबत तशीच सूचना काढली, तेथे मर्यादा ४०,००० तासांची होती. हा आकडा २ चा घात नाही, म्हणजे वरचे स्पष्टीकरण तेथे चालत नाही.

आता रेडचा विचार करा. सर्व्हर घेताना आठ डिस्क एकाच खोक्यातून येतात, एकाच दुपारी बसवल्या जातात आणि एकाच बटणाने सुरू होतात. त्यांच्या तासांची मोजणी बरोबरीने चालते. पहिली ज्या दिवशी ३२,७६८ वर पोचेल त्याच दिवशी उरलेल्या सातही पोचतील. कंपनीच्या सूचनेतही एकाच वेळी वापरात आणलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता सांगितली होती. येथे गुणपत्रिकेतील सगळे आकडे आणि त्यांची बेरीज एकदम पुसली जाते. निबंधाच्या सूत्रातला वर्ग नाहीसा होतो आणि जादा डिस्कवर केलेला खर्च वाया जातो. उपाय एकच होता: मुदतीपूर्वी नवे फर्मवेअर घालणे.

निबंधाला दोष द्यावा काय? आमच्या मते अंशतःच. १९८८ मध्ये यांत्रिक डिस्कच्या बिघाडाचा विचार करताना ही गृहीतके रास्त होती. परंतु लेखकांच्या मांडणीत डिस्क हा बिघडण्याचा एकमेव घटक जितका ठळक आहे, तितकी त्या डिस्कना एकत्र बांधणारी यंत्रणा ठळक नाही, आणि नंतरच्या पाठ्यपुस्तकी सारांशांतून तर ती जवळजवळ गळूनच गेली. पाच पातळ्यांची आकृती सगळीकडे असते. ती व्यवस्था कोण सांभाळते, आणि सांभाळणारा बदलला तर काय होते, याची आकृती कोठेच नसते.

घरगुती व कार्यालयीन संगणकात हा सांभाळणारा खरे म्हणजे दोन जणांचा मिळून बनतो. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील चिपमधील फर्मवेअर (जुन्या भाषेत बायोस, आता यूईएफआय) डिस्कवर लिहिलेली एक छोटी नोंद वाचते. कोणत्या डिस्क कोणत्या गटात आहेत, गट कोणत्या प्रकारचा आहे, सर्व ठीक आहे का, हे तिच्यात असते. त्यानंतर विंडोज सुरू झाले की ड्रायव्हर नावाची आज्ञावली हा कारभार हाती घेते. दोघांनी ती नोंद एकाच अर्थाने वाचली पाहिजे. महागड्या सर्व्हरमध्ये या कामासाठी वेगळे कार्ड असते, येथे नसते.

याचा धडा आम्हाला आमच्याच प्रयोगशाळेत मिळाला. एका उपकरणाच्या संगणकात दोन डिस्कचा मिरर होता. सहकाऱ्याने मदरबोर्डचे नवे फर्मवेअर घातले. अशा वेळी सगळ्या मांडण्या कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जाऊ शकतात, तशा त्या गेल्या, आणि डिस्क जोडणीची मांडणी ‘रेड’वरून ‘एएचसीआय’वर आली. विंडोज मात्र निमूटपणे सुरू झाले, कारण त्यातला ड्रायव्हर दोन्ही मांडण्यांत चालत होता. त्याला आता दोन सुट्या, हुबेहूब सारख्या डिस्क दिसल्या. त्याने एक वापरायला घेतली आणि ओळखक्रमांक तोच असल्यामुळे दुसरी बाजूला ठेवली. तीन दिवस मोजमापे एकाच डिस्कवर लिहिली गेली. चौथ्या दिवशी चूक ध्यानात आली आणि आम्ही घाईने मांडणी पुन्हा ‘रेड’ केली.

खरी चूक ही होती. दोन्ही डिस्कवरील गटाची नोंद अजून ‘सर्व ठीक, दोन्ही प्रती सारख्या’ असेच सांगत होती, कारण मधल्या तीन दिवसांची तिला खबरच नव्हती. वाचन कधी या प्रतीतून होई, कधी त्या. एक फाइल सकाळी उघडे, दुपारी उघडत नसे. शेवटी दोन्ही डिस्क काढून, वेगवेगळ्या संगणकांना फक्त वाचण्यापुरत्या जोडून, काय वाचते ते पाहिले. मांडणी बदलण्याआधी हे केले असते तर काहीच गेले नसते. आमची दोन दिवसांची मोजमापे गेली, आणि डिस्क तर एकही बिघडलेली नव्हती.

आमचा मोठा आक्षेप मात्र मदरबोर्ड उत्पादकांच्या लिखाणावर आहे. नव्या फर्मवेअरबरोबर बदलांची जी टीप येते तिच्यात बहुतेक वेळा ‘प्रणालीची स्थिरता सुधारली’ अशा थाटाचे एखादे वाक्य असते. कशाची स्थिरता, आधी काय बिघडत होते, रेडचा भाग बदलला का, मांडण्या मूळ स्थितीवर जातील का? बहुधा एकाही प्रश्नाचे उत्तर नसते. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत ‘उपकरण सुधारले’ एवढेच लिहिले तर आपण वही परत करतो. त्यातच पुढे ‘अडचण नसेल तर अद्ययावत करू नये’ असा सल्लाही छापलेला असतो. हा सल्ला अगदी चुकीचा नाही. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. पण ३२,७६८ तासांच्या डिस्कना शेवटच्या तासापर्यंत काहीच अडचण नव्हती. उलट जानेवारी २०११ मध्ये इंटेलने आपल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमधील काही साटा जोडण्या काळानुसार क्षीण होतील असे जाहीर केले. तो दोष चिपच्या घडणीतला होता आणि कोणत्याही फर्मवेअरने बरा होणारा नव्हता, चिपच बदलावी लागली. यांपैकी कोणता प्रसंग आपल्यापुढे आहे हे उत्पादकाने सांगितले तरच वापरणाऱ्याला कळणार.

ड्रायव्हरच्या बाबतीतही ‘नवे ते चांगले’ हे खरे नाही. नव्या आवृत्त्या जुन्या चिपसेटचा आधार काढून टाकतात, म्हणून मदरबोर्डच्या नावापुढे दिलेलीच आवृत्ती घ्यावी. विंडोज एक्सपीच्या वेळी रेडचा ड्रायव्हर फ्लॉपीवर घेऊन, बसवणीच्या सुरुवातीला ‘एफ-६’ कळ दाबण्याची कसरत अनेक वाचकांनी केली असेल. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या संगणकांवर ‘व्हीएमडी’ सुरू असेल तर विंडोज १० बसवताना डिस्क दिसतच नाही आणि ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. फ्लॉपी गेली, कसरत राहिली.

आता आम्ही फर्मवेअर बदलण्याआधी सर्व माहितीची प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर घेतो आणि तिच्यातल्या चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. मग मांडण्यांच्या पडद्यांची मोबाइलवर छायाचित्रे काढतो. संगणक यूपीएसवर असतो. फर्मवेअर घालून झाले की विंडोज सुरू होऊ न देता थेट मांडणीच्या पडद्यावर जाऊन ‘रेड’ आहे ना ते पाहतो. गट सुटा दिसला आणि ‘डिस्क नव्याने तयार करू का’ असा प्रश्न आला, तर उत्तर ‘नाही’ देऊन संगणक बंद करतो. मिररच्या दोन डिस्क मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि काही महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या असतात. हिशेब तपासनीस दर वेळी दोन बिले का असे विचारतात, आणि आम्ही त्यांना ३२,७६८ चा आकडा दाखवतो.