बांधावरचा आवाज आणि लेबलावरचं नाव

शिबिरात एका पोराच्या अंगात काळा टी-शर्ट होता. छातीवर पंख असलेला, मागं वाकलेला उघडा माणूस आणि त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं : लेड झेपेलिन. मी विचारलं, हे कोण रे? पोरगं म्हणालं, "ठाऊक नाही सर. फुटपाथवर दीडशेला मिळाला."

आता गंमत बघा. हा इंग्रजांचा रॉक बँड १९६८ साली सुरू झाला. १९८० च्या सप्टेंबरात त्यांचा ड्रमवाला जॉन बॉनहॅम वारला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. त्या वेळी या पोराचा बाप चड्डीत शाळेला जात असेल. २००७ साली लंडनमध्ये एका रात्रीपुरते ते पुन्हा उभे राहिले, तर तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आल्याची नोंद गिनेसच्या बुकात आहे. २०२५ साली त्यांच्यावरचा सिनेमा थेटरात लागला. जड आवाजाचं जे जे संगीत नंतर झालं, त्यातल्या निम्म्यानं तरी यांचं मीठ खाल्लंय. मेलेल्या बँडची एवढी चलती का, हा प्रश्न आहेच.

आमचे एक कार्यकर्ते मित्र म्हणाले, हे पांढरपेशा पोरांचे चोचले, आपल्या अंकात ते कशाला? माझं म्हणणं उलट आहे. हा विषय आपलाच आहे. कसा ते सांगतो, जरा दमानं घ्या.

या चौघांचं भांडवल म्हणजे ब्लूज. गिटारवाला जिमी पेज आणि बास वाजवणारा जॉन पॉल जोन्स हे लंडनच्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ करून तयार झालेले. गायक रॉबर्ट प्लँट आणि बॉनहॅम बर्मिंगहॅमकडच्या कारखानदारी मुलखातले. बॉनहॅम बापाबरोबर सुतारकाम, बांधकाम केलेला गडी. चौघंही गोरे. आणि ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मळ्यांत, गुलामांच्या नातवंडांनी जन्माला घातलेलं गाणं. शेत मालकाचं, बियाणं मालकाचं, हिशेबाची वही मालकाची, आणि वर्षाच्या शेवटी देणं निघायचं ते कुळाकडून. आपल्या सालदाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आता एकच गाणं घेतो. १९७१ च्या त्यांच्या चौथ्या तबकडीवरचं शेवटचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. लेव्ही म्हणजे नदीच्या काठानं मैलोन्‌मैल घातलेला मातीचा बांध. तो फुटला तर काय, एवढाच गाण्याचा विषय.

साल लक्षात घ्या : १९२७. २० मार्चला बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात. महिना उलटतो न उलटतो तोच, २१ एप्रिलला, मिसिसिपी राज्यात ग्रीनव्हिल गावाच्या वरच्या अंगाला माउंड्स लँडिंगपाशी नदीचा बांध फुटतो. सहा लाखांहून जास्त माणसं बेघर झाली. ग्रीनव्हिलची हजारो काळी माणसं उरलेल्या बांधाच्या अरुंद पट्टीवर जाऊन बसली. दोन्ही बाजूंना पाणी. बोटी आल्या, गोऱ्यांना घेऊन गेल्या. काळ्यांना नेलं नाही, कारण मळेवाल्यांना धास्ती की गेलेला मजूर परत यायचा नाही. मग बंदूकवाले पहारेकरी उभे केले. गळ्यात बिल्ले अडकवले. काम करशील तर शिधा. जेम्स गुडन नावाच्या माणसानं दुसऱ्या पाळीला जायला नकार दिला, तर पोलिसानं त्याला गोळी घातली. आपल्याला पाण्याला शिवू देत नव्हते, त्यांना पाण्यातून बाहेर पडू देत नव्हते. एकाच वर्षाची गोष्ट.

दोन वर्षांनी, १९२९ साली, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या नवराबायकोनं त्या पुरावरचं हे गाणं तबकडीवर घातलं. आवाज जोचा, गिटारीची करामत मिनीची. मिनीचं खरं नाव लिझी डग्लस. गिटारीत भल्याभल्या पुरुषांना पाणी पाजणारी बाई. मूळ गाणं ऐकलंत तर चकित व्हाल. त्यात आक्रोश नाही, बडवाबडवी नाही. दोन गिटारी चालल्यात पुढं, आणि माणूस सांगतोय आपलं, रोजची गोष्ट सांगावी तसं. रडायची सवड नसलेल्या माणसाचं गाणं आहे ते.

झेपेलिननं काय केलं? तीन मिनिटांचं सात मिनिटांचं केलं. ध्वनिमुद्रणाची गती खाली ओढली, त्यामुळे सगळं चिखलातून चालल्यासारखं जड झालं. आणि बॉनहॅमचा ड्रम! हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या तळाशी ड्रम मांडला आणि माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. हा वाडा १७९५ साली बांधला तो गोरगरीब, म्हातारे, अनाथ पोरं यांना कोंडून कामाला लावायला. १८३० साली भुकेल्या शेतमजुरांनी त्याच्यावर चालून जाऊन मोडतोड केली होती. त्या भिंतींवर आपटून तो ठोका परत येतो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जिमिनीखालून कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटलं. मिनी-जोच्या गाण्यात बांधावरचा माणूस आहे. झेपेलिनच्या गाण्यात प्रत्यक्ष पाणी आहे, येणारं. ही नक्कल नाही. ही कलाकृती आहे, आणि ती मोठी आहे. ज्यांना 'सगळं चोरलेलं, सगळं भिकार' असं लिहून मोकळं व्हायचंय त्यांनी कान धुऊन यावं. आपला राग खरा असेल तर त्याला खोट्या समीक्षेचा टेकू लागत नाही.

मग भांडण कुठं आहे? भांडण लेबलावर आहे.

या गाण्यावर निदान मेम्फिस मिनीचं नाव चौघांच्या नावांबरोबर छापलं गेलं. ज्याचा आवाज होता त्या जोचं नाव मात्र नाही. तो १९५० सालीच शिकागोत वारला होता. मिनी १९७३ साली मेम्फिसमध्ये गेली, अर्धांगवायूनं खिळलेली, कफल्लक. १९९६ पर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

दुसरं उदाहरण विली डिक्सनचं. मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत बास वाजवणारा आणि मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ अशा दिग्गजांना गाणी लिहून देणारा हा माणूस. दुसऱ्या महायुद्धात यानं सैन्यात जायला नकार दिला. जो देश मला माणूस मानत नाही त्याच्यासाठी मी का लढू, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तुरुंगात गेला. झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या तबकडीवर त्याची दोन गाणी त्याच्या नावानं आहेत. म्हणजे नाव ठाऊक होतं, द्यायचं कसं तेही ठाऊक होतं. पण त्याच वर्षी दुसऱ्या तबकडीवर जे गाणं जगभर गाजलं, 'होल लॉटा लव्ह', ते डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'वरून उचललेलं, आणि त्यावर लेखक म्हणून या चौघांची नावं. डिक्सननं १९८५ साली दावा लावला. १९८७ साली कोर्टाबाहेर मिटवामिटवी झाली, आणि आता त्याचं नाव तिथं आहे. अठरा वर्षं लागली. दरम्यान किती पोरांनी ते गाणं गोऱ्याचंच म्हणून पाठ केलं असेल?

हाउलिन वुल्फच्या 'किलिंग फ्लोर'चं 'लेमन साँग' झालं, त्याचा तंटा १९७२ साली मिटला. पण मधला दलाल विसरू नका. तंटा मांडला तो शिकागोच्या चेस कंपनीच्या घरच्या प्रकाशन संस्थेनं, म्हणजे पैसा आधी शेठच्या गल्ल्यात. पुढं डिक्सन आणि मडी वॉटर्सना आपल्या हक्कासाठी त्या संस्थेवरच दावा लावावा लागला. लुटणारा नेहमी समोरूनच येतो असं नाही.

आणि न्यायानं हेही लिहिलं पाहिजे की जेक होम्स या गोऱ्या गायकाचं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'ही यांनी असंच आपल्या नावावर केलं होतं. उलट 'स्टेअरवे टू हेवन'बद्दलचा दावा २०२० साली हे लोक जिंकले. म्हणजे सगळंच लुटीचं नव्हे.

यांचे वकील म्हणतात, ब्लूजमध्ये सगळ्यांनीच सगळ्यांचं घेतलं. खरंय. मिनीनंही घेतलं असेल. पण शेजारणीकडून विरजण आणणं वेगळं, आणि दावणीची म्हैस सोडून नेऊन बाजारात आपल्या नावानं दूध विकणं वेगळं. एका आळीत देवघेव असते. आळीबाहेर गेलं की पावती लागते.

आता आपल्या घराकडं वळतो. कारण एक गोष्ट मला जास्त बोचते. साठीच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी ब्लूजकडं पाठ फिरवायला सुरुवात केली होती. त्या गाण्याला मळ्याचा, लाचारीचा वास येत होता. त्यांना सोल संगीत हवं होतं, ताठ मानेचं. नेमकं त्याच वेळी, १९६२ पासून, डिक्सनसारखे बुजुर्ग युरोपात कार्यक्रम करू लागले आणि पेजसारखी गोरी पोरं कान टवकारून बसली. घरच्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं, परक्यांनी उचललं.

आपणही हलगी खाली ठेवली. ठेवलीच पाहिजे होती. सवर्णांच्या वरातीपुढं, त्यांच्या जत्रेत, शिळ्या भाकरीवर वाजवायची ती हलगी म्हणजे गळ्यातलं लोढणं होतं. पण हात विसरले, ठेका विसरला, आणि आज कुणाच्या तरी महोत्सवात दिव्यांच्या झगमगाटात तीच हलगी 'लोककला' म्हणून वाजते. तिकीट लावून. बॉनहॅमचा ठोका ऐकताना मला हे आठवतं, म्हणून मी तो निवांत ऐकू शकत नाही.

आणखी एक योगायोग. १९७२ साली पेज आणि प्लँट मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी सारंगी-तबल्यावर बसवून पाहिली. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्येही वाजवलं. ते मुंबईचं ध्वनिमुद्रण बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. त्याच १९७२ साली, त्याच शहरात, दलित पँथर उभी राहिली आणि 'गोलपिठा' छापून आला. कुलाबा ते कामाठीपुरा अंतर ते किती! कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. पण दोघांच्याही हातात काळ्या अमेरिकेकडून आणलेली वस्तू होती. त्यांनी आवाज आणला आणि बऱ्याचदा त्यावर आपलं नाव घातलं. आपल्या पोरांनी नावच आणलं, ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं, आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात ते कुठून आलं हे उघड सांगितलं. उसनं दोघांनी घेतलं. पावती एकानं फाडली.

पण छाती फुगवायच्या आधी थांबा. आपली भीमगीतं सिनेमाच्या चालींवर चढली, याची मला लाज नाही. माइक नव्हता, पेटी उसनी, लोकांच्या कानात जी चाल होती तिच्यात बाबासाहेब भरले. त्या चालीचा मालक काही उपाशी मेला नाही. प्रश्न चालीचा नाही, शब्दांचा आहे. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. आपल्या शाहिरांची ही जुनी रीत, नाव गाण्याच्या अंगातच शिवून टाकायचं. लेबल खरवडता येतं, कडवं कसं खरवडणार? डिक्सनला ही युक्ती सुचली असती तर अठरा वर्षं वाचली असती.

तर मित्रांनो, ते कडवंही खरवडता येतं. यंदाच्या चौदा एप्रिलला मी मिरवणुकीत कान देऊन चाललो. डीजेच्या भिंतीतून आपलीच गाणी येत होती, दोन कडवी झाली की दुसरं गाणं. शेवटचं कडवं एकाही गाण्याचं वाजलं नाही. कुणाचं गाणं म्हणून डीजेच्या पोराला विचारलं, तर त्यानं गायकाचं नाव सांगितलं. लिहिणारा कोण? म्हणाला, "ते काय लिहिलेलं नाही यात." पोरगं आपलंच. वस्तीतलं.

शिबिराच्या शेवटच्या रात्री मी मोबाइलवर आधी १९२९ चं गाणं लावलं, मग १९७१ चं. टी-शर्टवालं पोरगं दुसऱ्या गाण्यावर मान हलवत होतं. परभणीकडची एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सर, पहिलं परत लावा. ती बाई काय वाजवतीय ते नीट ऐकायचंय."

पुढच्या अंकासाठी एक काम करा. आपापल्या वस्तीत जी भीमगीतं, जलशातली पदं म्हटली जातात, त्यांचं शेवटचं कडवं म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घ्या. कडवं, शाहिराचं नाव, गाव, ठाऊक असलं तर साल, आणि सांगणाऱ्याचं नाव. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, स्टेन्सिल कापायला सोपं जातं.