कुंभार, घड्याळजी आणि वारूळ

‘सर, एवढे मोठे विश्व आपोआप कसे होईल? कोणीतरी केलेच असेल ना?’ सूर्यमाला किंवा उत्क्रांती शिकवताना हा प्रश्न ज्यांच्या वर्गात कधी आला नाही असे शिक्षक विरळाच. त्याची वासलात बहुधा दोन प्रकारे लावली जाते. ‘हा श्रद्धेचा विषय आहे, पुढे चला’ असे म्हणून, किंवा ‘देव नाही हे विज्ञानाने सिद्ध केले आहे’ असे ठणकावून. आम्हाला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिल्यात प्रश्नाचा अवमान आहे, आणि दुसरे खरे नाही. विद्यार्थ्याने नुसता प्रश्न विचारलेला नसतो, त्यासोबत एक युक्तिवाद मांडलेला असतो. आणि युक्तिवाद तपासणे हे तर विज्ञानाच्या तासाचेच काम. देव आहे की नाही याचा निकाल आम्ही येथे देणार नाही. दोन्ही बाजूंनी जे पुरावे पुढे केले जातात, ते किती वजन पेलतात एवढेच पाहू.

हा युक्तिवाद आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेला नाही. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथच मुळी ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. त्याच्या पाचव्या स्तबकात प्रमाणांची मालिका आहे आणि त्यातले पहिले आहे ‘कार्य’. नैयायिकांच्या पद्धतीने ते असे मांडता येईल. पर्वत, पृथ्वी, अंकुर यांना कर्ता आहे, ही प्रतिज्ञा. कारण ती कार्ये आहेत, म्हणजे अवयव जुळून उत्पन्न झाली आहेत, हा हेतू. जे जे कार्य त्याला कर्ता असतोच, जसे मडक्याला कुंभार, हे उदाहरण. पर्वत वगैरेही तशीच कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच, फक्त पाच पायऱ्यांत नीट लावलेला.

उदयनांची सगळीच प्रमाणे इतकी सरळ नाहीत. एक तर अगदी मजेदार आहे. दोन अणू मिळून द्व्यणुक बनते. त्याचे आकारमान ‘दोन’ या संख्येमुळे येते. आणि ‘दोन’ ही संख्या मोजणाऱ्या बुद्धीवाचून उत्पन्न होत नाही. सृष्टीच्या आरंभी मोजायला कोण होते? अर्थात ईश्वर. आज हे वाचून हसू येईल. पण आकारमान नसल्यासारख्या अणूंपासून आकारमान असलेली वस्तू कशी होते, ही अडचण खरी होती आणि ती टाळून पुढे जायला हा माणूस तयार नव्हता. या उदयनांविषयी आख्यायिका अशी की, पुरीला जगन्नाथाच्या देवळाचे दार बंद मिळाले तेव्हा त्यांनी देवालाच सुनावले: बौद्ध चालून आले म्हणजे तुझे अस्तित्व माझ्यावरच अवलंबून असते! खरे-खोटे काही असो, वादाचा रोख त्यावरून कळतो.

उदयनांना ज्यांना उत्तर द्यायचे होते त्या बौद्ध परंपरेचा मोठा तार्किक म्हणजे धर्मकीर्ती. तो उदयनांच्या काही शतके आधीचा. ‘प्रमाणवार्तिका’त त्याने या युक्तिवादाची जी चिकित्सा केली आहे, तिच्याइतकी नेमकी चिकित्सा आम्हाला दुसरीकडे फार थोड्या ठिकाणी आढळली. तो म्हणतो त्याचा आशय असा. अनुमान टिकते ते व्याप्तीवर, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या तपासलेल्या अतूट संबंधावर. धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, ते योग्यच. पण धूर पांढुरका असतो म्हणून कोणत्याही पांढुरक्या वस्तूवरून अग्नीचे अनुमान केले तर? महाबळेश्वरच्या धुक्यात उभे राहून ‘डोंगराला आग लागली’ म्हणण्यासारखेच ते. मडके आणि पर्वत या दोहोंना ‘रचना’ हा एकच शब्द लावता येतो. पण शब्द एक म्हणून वस्तू एका जातीच्या होत नाहीत. आणि तसे चालत असेल, तर मडके हा मातीचा विकार आहे आणि वारूळही मातीचाच विकार आहे, म्हणून वारूळही कुंभाराने केले असे मानावे लागेल!

हे वारुळाचे उदाहरण धर्मकीर्तीने निवडले तेव्हा ते किती दूरवर जाईल याची कल्पना त्याला असणे शक्य नव्हते. नागपंचमीला आपण ज्याची पूजा करतो ते वारूळ नागाचे नसते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. ते वाळवीने बांधलेले असते. आत भुयारे, कोठ्या, बुरशीची शेती करण्याच्या जागा आणि हवा खेळती राहील अशी रचना असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की कोणा स्थापत्यविशारदाने आराखडा केला असेल. आराखडा नाही, मुकादम नाही आणि राणीही हुकूम सोडत नाही. १९५९ साली पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे कसे घडते याचे तत्त्व मांडले. कामकरी वाळवी मातीचा ओला गोळा कोठेतरी ठेवते. जेथे गोळा आहे तेथे पुढचा गोळा ठेवला जाण्याची शक्यता वाढते. त्यातून खांब उभा राहतो, जवळचे दोन खांब एकमेकांकडे वाकून कमान होते. झालेले कामच पुढच्या कामाची सूचना देते. नेमका संकेत वासाचा, ओलाव्याचा की आणखी कशाचा, यावर अजून संशोधन चालू आहे. पण प्रत्येक वाळवीला वारुळाचा नकाशा ठाऊक नसतो याविषयी शंका नाही.

नैयायिक यावर गप्प बसणार नाही. ‘वाळवी तरी कर्ती आहेच ना?’ असे तो विचारील. आहे. पण त्याला हवा असलेला कर्ता जाणता आहे, काय बनवायचे हे आधी मनात धरून बनवणारा आहे. वारुळात कर्ते लाखो आणि मनात वारूळ धरणारा एकही नाही. ‘रचना म्हणजे योजना’ ही व्याप्ती येथेच मोडते.

देवाला न मानणारेच या युक्तिवादावर तुटून पडले असा समज मात्र होऊ नये. कुमारिलभट्ट हे वेदांचे कडवे समर्थक. तरी ‘श्लोकवार्तिका’त त्यांनी सृष्टिकर्त्याची कल्पना खोडून काढली आहे: शरीर नसताना त्याने केले कसे, शरीर असेल तर ते कोणी केले, आणि करुणेने केले म्हणावे तर जग इतके दुःखाने भरलेले का? याहून लक्षणीय उदाहरण रामानुजाचार्यांचे. त्यांच्याइतका भक्त कोण? पण ‘श्रीभाष्या’त ते ठामपणे सांगतात की ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, शास्त्रानेच कळतो. पृथ्वी, समुद्र हे सारे एकाच वेळी एकाच कर्त्याने केले यास प्रमाण काय? मोठी कामे तर अनेक जण मिळून करतात! स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने हाच मुद्दा पुढे अनेक शतकांनी घेतला. त्याचे संवाद त्याच्या मृत्यूनंतर, १७७९ साली छापले गेले. घर किंवा जहाज बांधायला अनेक लागतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून, असे तेथेही विचारले आहे. म्हणजे युक्तिवाद नाकारला की श्रद्धा बुडते ही भीती निराधार आहे, आणि युक्तिवाद पाडला की देवही पडला हा आनंदही अकाली आहे.

ह्यूमनंतर तेवीस वर्षांनी, १८०२ साली, विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने तोच युक्तिवाद नव्या कपड्यांत आणला. कुंभाराच्या जागी घड्याळजी आला. माळरानावर घड्याळ सापडले तर ते कोणी केले असे आपण विचारतोच. मग डोळ्याचे काय? येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. धर्मकीर्ती आणि ह्यूम यांनी अनुमानातली भेग दाखवली, पण डोळा झाला कसा हे त्यांना सांगता आले नव्हते. पेलीचा प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर १८५९ साली डार्विनने दिले, आणि तो स्वतः तरुणपणी पेलीचा चाहता होता. लहान फरक, त्यांची आनुवंशिकता आणि निवड. १९९४ साली निल्सन आणि पेल्गर या दोघांनी केलेल्या हिशेबात, मुद्दाम मंद गती धरूनही, प्रकाशाला संवेदनशील अशा सपाट थरापासून भिंगाचा डोळा तयार होण्यास चार लाखांहून कमी पिढ्या पुरल्या. तो गणिती हिशेब आहे, प्रत्यक्ष इतिहास नव्हे. पण ‘अशक्य’ हा शब्द त्याने मागे घ्यायला लावला.

वर्गात याला जोडून एक प्रयोग करता येईल. कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर डावीकडे फुली आणि उजवीकडे ठिपका काढा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद पुढेमागे करा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. आपल्या दृष्टिपटलावरचे चेतातंतू आतल्या बाजूने येतात आणि बाहेर पडताना तेथे एक अंधबिंदू सोडतात; अष्टपादाच्या डोळ्यात तो नसतो. यावरून ‘देव असता तर असे चुकले नसते’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. देवाने काय केले असते हे आपल्याला ठाऊक आहे असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि तीच तर पेलीची चूक. अंधबिंदू सांगतो ते एवढेच की डोळ्याला इतिहास आहे.

डार्विननंतर घड्याळजी सजीवांतून निघाला आणि विश्वाच्या मूलस्थिरांकांत जाऊन बसला. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५३ साली भाकीत केले की कार्बनच्या केंद्रकाला एक विशिष्ट उत्तेजित ऊर्जापातळी असलीच पाहिजे, एरवी ताऱ्यांत एवढा कार्बन बनणारच नाही. प्रयोगात ती सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर सापडली. पुढे हॉईल यांनाच वाटू लागले की भौतिकीशी कोणा अतिबुद्धीने खेळ केला असावा. आम्हाला हा या बाजूचा आजचा सर्वांत विचारार्ह मुद्दा वाटतो. तरीही अडचण धर्मकीर्तीचीच आहे. मडकी हजारो पाहिली, कुंभारही पाहिले. विश्वे किती पाहिली? स्थिरांक वेगळे असण्याची शक्यता किती हे सांगायला आपल्यापाशी एकच नमुना आहे. ‘अनंत विश्वे आहेत, त्यांतले हे एक’ असे उत्तर देणाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारावा लागेल.

महास्फोटाचे तसेच. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोटात सृष्टिनिर्मितीचा दुजोरा पाहिला. त्यावर नाराज झालेला माणूस होता जॉर्ज लमेत्र, ज्याने ती कल्पना प्रथम मांडली आणि जो स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. आपला सिद्धांत धर्माच्या बाहेरचा आहे, आस्तिक-नास्तिक दोघांनाही तो मोकळा आहे, अशी त्याची भूमिका होती.

आता दुसरी बाजू. ‘मग देवाला कोणी केले?’ हे उत्तर शाळेत फार लोकप्रिय आहे, पण नैयायिकाला ते लागत नाही. तो म्हणतो, कर्ता लागतो तो कार्याला, आणि ईश्वर हे कार्यच नव्हे. या प्रश्नातून उरते ते एवढेच की काहीतरी अकारण असू शकत असेल तर विश्वच का नको? दुसरा युक्तिवाद असा की माणसाने भीतीपोटी, अज्ञानापोटी देव कल्पिले. आपल्याकडे आगरकरांनी देवांची उत्पत्ती अशी उलगडून दाखवली आणि ते मोठ्या धैर्याचे काम होते. पण समजूत कशी उत्पन्न झाली आणि ती खरी आहे का, हे दोन प्रश्न आहेत.

खरा जड युक्तिवाद दुःखाचा, कुमारिलांनी उचललेला. सर्वशक्तिमान आणि दयाळू ईश्वर मानला तर निरपराधांच्या यातना समजत नाहीत. ‘पूर्वकर्म’ असे उत्तर दिले की कर्मच सारे ठरवते, मग ईश्वर कशाला, हा प्रश्न येतो. शिवाय या उत्तरात कोणतीही घटना बसते, आणि ज्यात कोणतीही घटना बसते ते काहीच सांगत नाही. अर्थात या युक्तिवादाचा घाव दयाळू-सर्वशक्तिमान ईश्वरावर बसतो. उदासीन ईश्वरावर नाही.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथांनी जाहीर निषेध केला. अस्पृश्यतेविरुद्ध दोघेही, आस्तिकही दोघे. रवींद्रनाथांचे म्हणणे असे की भौतिक आपत्तीची कारणे भौतिकच असतात. आणि असा तर्क चालला तर उद्या विरोधक हाच कोप गांधीजींच्या माथी मारतील. गांधीजींनी तो निषेध ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपले मत कायम ठेवले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीला धरणी हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपतींचे विसर्जन करून माणसे झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. पाप, कोप, ‘देव असता तर’ असे सर्व काही तेव्हाही बोलले गेले. माणसे बहुतांशी मेली ती मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचे माळवदाचे ओझे अंगावर पडून. त्याच गावांतल्या हलक्या छपराच्या झोपड्यांचे नुकसान त्यामानाने पुष्कळच कमी झाले.