लुगांडातील क्रियाविशेषणाचा प्रश्न
युगांडातील लुगांडा भाषेची क्रियाविशेषणे ‘अव्यय’ या एकाच सदरात घालणे सोयीचे खरे, समाधानकारक नव्हे. ‘बुलुंजी’ (चांगल्या रीतीने) हे रूप ‘-लुंजी’ या विशेषणप्रकृतीस ‘बु-’ हा नामवर्गाचा पूर्वप्रत्यय लागून सिद्ध होते. प्रयोगात मात्र ते गोठलेले : ‘अयिंबा बुलुंजी’ (तो वा ती चांगले गाते), ‘बयिंबा बुलुंजी’ (ते चांगले गातात). मराठीतील ‘ती चांगली गाते’ येथे विशेषण कर्त्याच्या मागे जाते, तसे येथे घडत नाही. खरी अडचण ‘अतेरा ओकुज्जा’ (तो वरचेवर येतो) येथे आहे. ‘वरचेवर’चा अर्थ वाहणारे ‘-तेरा’ हे क्रियापदच. कर्त्याचा ‘अ-’ तेच घेते आणि ‘येणे’ ‘ओकु-’ लागून नामरूपात उरते. शब्दजाती केवळ अर्थावरून ठरवणाऱ्यास ‘-तेरा’ क्रियाविशेषणांत ओढावे लागते. मग त्याच्या ‘अ-’चा हिशेब लागत नाही.