अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणि अतिकालाचे कलम

कामाचा आठवडा आखूड करणाऱ्या कायद्यांची परीक्षा बहुधा एकाच आकड्यावरून केली जाते. भारतातील कारखाना-कायद्यांचा इतिहासही असाच सांगितला जातो : बारमाही कारखान्यांसाठी १९२२ साली आठवड्यास ६० तास, १९३४ च्या कायद्याने ५४ आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८. हा उतरता क्रम खरा आहे. परंतु तो अपुरा आहे. मर्यादेपलीकडच्या तासांविषयी कायदा काय म्हणतो, हे पाहिल्यावाचून मर्यादेचा अर्थ लागत नाही.

१९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने उद्योगधंद्यांसाठी ४८ तासांचा आठवडा मान्य केला. मात्र ब्रिटिश हिंदुस्थानास त्यातून सवलत देऊन तेथे ६० तासांचे तत्त्व ठेवले. १९२२ चा कायदा याच सवलतीचे फळ होय. इतरांसाठी ठरलेली मर्यादा येथे पोहोचण्यास आणखी चोवीस वर्षे लागली. मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे असताना १९४६ चे विधेयक विधिमंडळापुढे आले. त्याने तास घटविले, तसेच अतिकालास दुप्पट वेतन ठरविले. वॉशिंग्टन कराराची किमान अपेक्षा सव्वापट वेतनाची होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १९४८ च्या कायद्याने ५१ व्या कलमात ४८ तास आणि ५९ व्या कलमात दुप्पट वेतन, अशी दोन्ही तत्त्वे कायम केली.

दुप्पट वेतन हे वस्तुतः बक्षीस नसून अटकाव आहे. मालकास जादा तास महाग पडावेत आणि त्याने नवा माणूस नेमावा, हा त्यामागील हेतू. परंतु या हेतूस दोन गृहीतांचा आधार लागतो. अठ्ठेचाळीस तासांच्या वेतनात कामगाराचा संसार चालला पाहिजे. आणि नवा माणूस नेमणे दुप्पट वेतनापेक्षा स्वस्त असले पाहिजे. पहिले गृहीत ढासळले की कामगार स्वतःच अतिकाल मागतो. दुसरे ढासळले की प्रशिक्षण, रजा आणि कायम नोकरीची बंधने टाळण्यासाठी मालक दुप्पट वेतन आनंदाने मोजतो. अटकावाचे रूपांतर मग नित्याच्या मिळकतीत होते.

या स्थितीत खरा बांध उरतो तो अतिकालाच्या कमाल मर्यादेचा. कामाचा असाधारण ताण असल्यास सूट देणाऱ्या ६५ व्या कलमात ही मर्यादा तिमाहीस ७५ तास होती. म्हणजे तेरा आठवड्यांत सरासरी पावणेसहा तास. महाराष्ट्रात ती पुढे ११५ झाली, म्हणजे सरासरी पावणेनऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १४४ करण्यास मान्यता दिली. सरासरी अकरा तासांहून किंचित अधिक. अठ्ठेचाळीसात अकरा मिळविले असता एकोणसाठ होतात. आठवड्याचा आकडा न बदलताही कायदा १९२२ च्या साठ तासांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपू शकतो, हे या बेरजेवरून दिसून येईल.

या बदलाच्या समर्थकांची बाजू सर्वस्वी पोकळ नाही. हंगामी मागणीच्या काळात जादा काम होतेच. ते हजेरीपटाबाहेर होण्यापेक्षा नोंदीत येऊन त्याचे दुप्पट वेतन मिळणे श्रेयस्कर, असे म्हणता येईल. कामगाराच्या लेखी संमतीची अटही आहे. परंतु ज्याचे घर नेमल्या तासांच्या वेतनावर चालत नाही, त्याची संमती कितपत स्वतंत्र मानावी? संमतीची अट जबरदस्ती रोखू शकेल. गरज रोखू शकणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. दुप्पट वेतन आणि कामगाराची संमती ही दोन्ही तत्त्वे तीत आहेत; अतिकालाचे एकूण तास मात्र शासनाने नियमांद्वारे ठरवावयाचे आहेत. पूर्वी जो आकडा बदलण्यास विधिमंडळात चर्चा घडवून आणावी लागे, तो आता अधिसूचनेने बदलू शकेल. कामाच्या आठवड्याचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणून मूळ कायद्याआधी नियमांचे राजपत्र उघडणे अगत्याचे आहे. आठवडा किती लांब, याचे उत्तर यापुढे तेथेच सापडणार आहे.