सूत्रं सात, भाष्य कुणाचं?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात सात ‘सूत्रं’ आहेत: विश्वास, माणूस आधी, न्याय्यता, उत्तरदायित्व वगैरे. त्यांतल्या सहांशी आपलं भांडण नाही. ती कुणीही मान्य करील. खरं बोलतं ते एकच सूत्र: आवर घालण्यापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य. इतर सगळं समान असेल तर, अशी पुस्तीही त्याला जोडली आहे.

आता सूत्र हा शब्द घेतलाच आहे, तर त्या परंपरेची कसोटीही लावू या. पाणिनीची दोन सूत्रं एकाच जागी आली तर कुठलं चालवायचं, याचंही त्याने सूत्र दिलं: नंतरचं चालवा. वैयाकरणांनी लगेच अट घातली, दोन्ही तुल्यबळ असतील तरच. आणि तुल्यबळ म्हणजे काय, यावर पिढ्यान्‌पिढ्या उदाहरणं देत वाद घातला. इथे मात्र ‘समान’ आहे की नाही हे कोण ठरवणार, ते सूत्रात नाही.

समजा, एका विधवेचं अनुदान संगणकाने अपात्र म्हणून थांबवलं. एका पारड्यात हजारो अर्ज झटपट निकाली निघण्याची सोय, दुसऱ्यात तिचा महिन्याचा किराणा. हे समान नाही म्हटलं तर सूत्र गप्प. समान मानलं, तर निकाल आधीच तिच्या विरोधात. तक्रारीची सोय असावी असं हीच तत्त्वं म्हणतात, हे मान्य. पण ती बंधनकारक नाहीत, आणि वेगळा कायदा तूर्त नको हेही त्यांचंच मत.

ही सूत्रं रिझर्व्ह बँकेच्या समितीच्या अहवालावरून बेतलेली आहेत. वित्तक्षेत्रात ती शोभतीलही. पण बँक बदलता येते हो, रेशन देणारं सरकार असं उठून कसं बदलणार?

आम्हाला जास्त खटकतं ते पुढेच आहे. २०२१ मध्ये नीती आयोगाने जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेची तत्त्वं मांडली, तेव्हा आधार घेतला होता संविधानिक नैतिकतेचा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ही कल्पना मांडली, ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोटचा हवाला देऊन. ती उपजत नसते, जोपासावी लागते, असं त्यांनी बजावलं. आमच्या वाचनात तिचा गाभा एकच: सत्तेने स्वतःला घातलेला आवर. चार वर्षांत तोच आवर नवनिर्मितीच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. कुणी बसवला आणि का, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.