खरखर आणि जवारी

तबकडी चांगली की सीडी, हा वाद गाण्याच्या बैठकीनंतर चहाबरोबर निघतोच. तबकडीवाल्यांचा एक मुद्दा ठरलेला असतो: डिजिटलमध्ये सुराचे तुकडे पडतात, मींड तुटते. पटण्यासारखं वाटतं, पण खरं नाही. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात आणि सुमारे 20,000 हर्ट्‌झपर्यंतची, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारी लहर त्यांतून पुन्हा सलग उभी राहते. पायऱ्या फक्त आकृतीत दिसतात. उलट एलपीची सुई मध्याकडे सरकते तसा तिच्याखालच्या खाचेचा वेग घटतो. द्रुत ऐन रंगात येते तिथेच आवाज चिरकू लागतो.

तरीही माझा कान तबकडीकडेच का ओढ घेई, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. अब्दुल करीम खाँसाहेबांची 1930च्या दशकातली एक तबकडी आणि तिचीच सीडी मी लागोपाठ ऐकली. तबकडीवर खरखर इतकी की आधी वैतागच आला. पण कान रुळला आणि खरखरीच्या मागे तंबोरा लागला. सीडी लख्ख, मात्र तिच्यात खाँसाहेब बंद खोलीत एकटे गात होते. जवारी म्हणजे स्वयंभू स्वरांची बारीक, क्षीण, अखंड झणकार. खरखरही अखंड, आणि ती सगळ्या पट्ट्यांवर पसरलेली. सफाईच्या यंत्रणेला या दोघींतला भेद कसा कळावा? मिरजेचे कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवून जी जवारी खुलवतात, तीच इथे पुसली गेली होती. आणि तीही मिरजेत राहिलेल्या, षड्जाशी तादात्म्य पावणाऱ्या गायकाच्या मागची!

पुढे एका संग्राहक मित्रानं तीच तबकडी काहीही न पुसता संगणकात उतरवून दिली. डोळे मिटून ऐकताना मूळ कोणती नि उतरवलेली कोणती, हे मला सांगता आलं नाही. (मित्र अर्थातच खूश झाला.) तेव्हा दोष डिजिटलचा नाही, सफाई करणाऱ्या हाताचा आहे.

वेगाचं प्रकरण तर याहून गंभीर. जुन्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या, असं नाही. 78 फेऱ्यांची तबकडी 80नं फिरवली तर सूर सुमारे 44 सेंटनं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वरानं चढतो. लयही वाढते, आवाजाचा पोत पातळ होतो. श्रुतींवर पानंच्या पानं लिहिणारे आपण गायकाची पट्टी अशा मुद्रणांवरून बिनधास्त सांगतो! उतरवणाऱ्यानं चुकीचा वेग धरला, तर डिजिटल प्रत ती चूक जशीच्या तशी, निष्ठेनं जपते.

माझ्याकडच्या सीडीच्या वेष्टनावर रागाचं नाव आहे, खाँसाहेबांचा फोटो आहे, घराण्याची थोरवी आहे. तबकडी कोणत्या वेगानं फिरवली आणि काय काय पुसलं, याची एक ओळही नाही.