पायथन ३ : ध्येय बरोबर, हिशेब चुकला

मुक्तस्रोत प्रकल्पानं दूरचं ध्येय कसं ठरवावं, हा आजचा विषय. नियम सांगत बसण्यापेक्षा एकच उदाहरण नीट तपासू या : पायथन भाषेचं दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर जाणं.

आधी ध्येय काय होतं ते बघा. पायथन २ मध्ये यूटीएफ-८ फाइलीत 'मराठी' हा शब्द लिहून त्याची लांबी विचारली, तर उत्तर यायचं १५. कारण भाषा बाइट मोजत होती. पायथन ३ सांगते ५. आपल्याला अक्षरं तीनच दिसतात, पण म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी युनिकोडची चिन्हं पाच, त्यामुळे ते बरोबर आहे. फक्त इंग्रजी मजकूर हाताळणाऱ्याला हा घोळ वर्षानुवर्षं जाणवायचा नाही. देवनागरी शब्द नको तिथं शिरला, की प्रोग्रॅम आडवा! तेव्हा मजकूर वेगळा आणि बाइट वेगळे करायचे, हे ध्येय योग्यच होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आली. जुना कोड तिच्यात जसाच्या तसा चालणार नव्हता, आणि हे आधीच जाहीर केलेलं होतं. पाचेक वर्षांत लोक सरकतील, असा पायथनचे जनक गिदो व्हान रोसम यांचा अंदाज होता. जुना कोड नव्यात बदलून देणारं एक साधनही सोबत दिलं होतं. कागदावर छान.

पण लायब्ररी लिहिणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याचे सगळे वापरकर्ते २ वर. ते सरकत नाहीत, कारण त्यांना लागणाऱ्या दहा लायब्ऱ्यांपैकी तीन सरकलेल्या नाहीत. म्हणून हाही थांबतो. 'आधी तू, मग मी.' त्यात वेगाच्या एका ठरावीक चाचणीत ३.० ही २.५ पेक्षा सुमारे १० टक्के हळू होती. हे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. म्हणजे, नव्या घरात राहायला या, फक्त पाणी जरा कमी येतं. (हशा)

माझा आक्षेप इथं आहे. ध्येय ठरवलं भाषेच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी आणि मजुरी पडली दुसऱ्यांच्या अंगावर. कंपनीत साहेब हुकूम काढतो. इथं हुकूम कोणाला देणार? आपला रविवार खर्च करणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळणार, याचं उत्तर बरीच वर्षं तोकडं होतं. हवंसं वाटावं असं पुष्कळसं नंतर आलं : मॅट्रिक्स गुणाकाराचं चिन्ह ३.५ मध्ये, एफ-स्ट्रिंग ३.६ मध्ये, म्हणजे थेट २०१६ साली.

या सगळ्यात मला आवडलेला निर्णय अगदी किरकोळ दिसतो. जुन्या कोडमध्ये युनिकोड मजकुराआधी 'यू' लिहीत. नव्या भाषेत त्याला काही अर्थ उरला नाही, म्हणून ३.० ने तो काढून टाकला. २०१२ मध्ये ३.३ ने तो परत आणला. निरुपयोगी असूनही! कारण तो असला की एकच फाइल दोन्हीकडे चालवणं सोपं जातं. भाषा थोडी कुरूप झाली, दुसऱ्यांचे कष्ट वाचले.

मग २०१४ मध्ये २.७ ची मुदत २०१५ वरून २०२० वर नेली. काहींनी याला माघार म्हटलं. मला तसं वाटत नाही. पहिली तारीख अंदाजाची होती. दुसरीच्या आधारानं नमपायसारख्या प्रकल्पांनी आपण जुनं कधी सोडणार ते जाहीर केलं. आता तारीख काम करणाऱ्यांचीही झाली होती.

श्रोत्यांतून प्रश्न : मग २००८ मध्ये त्यांनी वेगळं काय करायला हवं होतं?

चांगला प्रश्न आहे. ३.० च्या दोनच महिने आधी २.६ आली होती, आणि नव्या पद्धतीनं लिहिलेलं बरंचसं तिला समजत होतं. उलट ३.० ला जुनं जवळपास काहीच चालत नव्हतं. पूल एकाच काठाकडून बांधायला घेतला होता. तो 'यू' तेव्हाच ठेवला असता, तर चार वर्षांची झटापट बरीच हलकी झाली असती. शेवटची २.७.१८ निघाली एप्रिल २०२० मध्ये. ३.० नंतर अकरा वर्षं चार महिन्यांनी.